एर्मिनाचा अबोला

"आई, देव बाहेर काढ."

मी भाकरी थापत होते. हात थांबवला नाही. म्हटलं, "कुठले देव?"

"ट्रंकेतले. दोन वर्षं गव्हाखाली कोंडून ठेवलेत ते." मंदा दारात उभी होती, दोन्ही हात चौकटीला लावून, म्हणजे मला निसटता येऊ नये. "लग्न तीन आठवड्यांवर आलं. देवक बसवायचं तर देव नकोत? आणि पहिली पत्रिका कुणापुढं ठेवायची? गव्हापुढं?"

"तुझ्या काकूच्या देव्हाऱ्यात ठेव की."

"ते त्यांचे देव. मला माझ्या आबांचे पाहिजेत."

आता हिला काय सांगायचं? आमच्या घरच्या देवांचे टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले खंडोबा-म्हाळसा आणि बाकीची मंडळी, मीच माझ्या हातानं लाल फडक्यात गुंडाळून ट्रंकेत घातले होते. मंदाला टायफॉइड झाला तेव्हा तिच्या वडलांनी नवस बोलला. पोर बरी झाली. हे नवस फेडायला जेजुरीला गेले आणि परतीच्या वाटेवर टेम्पो उलटला. घरी आणलं तेव्हा कपाळाला भंडारा तसाच होता. दिवस घालून झाले, पाहुणे पांगले, आणि मी देव्हारा रिकामा केला. म्हटलं, तुझ्याच दारातनं माणूस परत येत होता रे बाबा, तेवढं तरी बघायचंस! त्या दिवसापासून खंडोबाशी माझं बोलणं बंद. साऱ्या गावाला ठाऊक होतं. जाऊबाई तर उघड म्हणायच्या, "अनसा त्या सिस्टर लोकांच्यात कामाला जाऊन बाटली." बाटते कशाची! त्यांच्याही देवाला मी कधी हात जोडले नव्हते. मला कुठल्याच देवाचं तोंड बघायचं नव्हतं.

"मंदे, ते सोडून बोल," मी म्हटलं.

तिनं चौकटीवरचे हात खाली घेतले. आवाजही खाली आला. "आई, एक विचारू? आबा माझ्या नवसापायी गेले. तुझा राग देवावर आहे का माझ्यावर?"

"काहीतरीच बोलू नकोस!"

"मग देव बाहेर काढ. पुढच्या रविवारी सोनगावची, नवऱ्याकडची माणसं पत्रिका घेऊन येणार. तोवर काढले नाहीस, तर मी त्यांच्यासमोर सांगणार, लग्न पुढं ढकला म्हणून. आईच्या मनात किंतु असताना मी मांडवात उभी राहणार नाही."

खाण तशी माती. पोरगी माझीच, बोलली म्हणजे दगडावरची रेघ. तव्यावरची भाकरी करपली आणि मी तिच्यावरच ओरडले. रडू येत होतं, पण ते मी कुणाला दाखवते होय!

ही गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. तेव्हा मी वाईच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या सिस्टरांच्या साधनाघरात स्वयंपाकाला होते. वर्षातनं चार-पाच वेळा तिथं ठिकठिकाणच्या सिस्टर येत आणि आठ दिवस मौनाची साधना करत. आठ दिवस कुणी कुणाशी बोलायचं नाही. बावीस बायका एका छपराखाली आणि आवाज फक्त चपलांचा! मला पहिल्या वर्षी वाटलं होतं, यांच्यात काहीतरी मोठं भांडण झालंय.

जेवतानाही बोलायचं नाही. पण तिथं एक रीत होती. सगळ्या जेवत असताना एक सिस्टर उंच स्टुलावर बसून पुस्तक वाचायची. पोटाबरोबर कानालाही घास मिळावा, अशी त्यांची समजूत. सगळ्यांच्या ताटल्या रिकाम्या झाल्या की मदर इस्मेनिया घंटी वाजवायच्या, आणि वाचणारी असेल त्या शब्दावर थांबायची. मदर वसईच्या, साठीच्या, ठेंगण्या. चालताना कधी आवाज यायचा नाही, म्हणून मी त्यांना फार भिऊन असायची. तशी सहा वर्षांत मी पुष्कळ पुस्तकं ऐकली होती, म्हणजे ऐकली नव्हती. वरण वाढता वाढता डोळा लागायचा इतकी ती पवित्र असायची.

मंदा हे बोलली त्याच रविवारी संध्याकाळी साधना सुरू झाली. सोमवारी दुपारी मी वाढायच्या खिडकीतनं भात सरकवत होते. डोक्यात मंदाचं बोलणं घुमत होतं. स्टुलावर सिस्टर बेनेडिक्टा होती, श्रीरामपूरकडची, खणखणीत आवाजाची. तिच्या हातात खाकी पुठ्ठ्याची जाड वही होती. कुणा म्हाताऱ्या फादरनी मराठीत उतरवून टाइप केलेली. तिनं आधी सांगितलं, की ही एर्मिना नावाची साध्वी, साडेतीनशे वर्षांपूर्वीची, बर्फाच्या देशातली. मठात मेणबत्त्या ओतायचं काम करायची. धाकट्या बहिणीला घेऊन मठात आली आणि प्लेगात ती बहीण गेली. त्यानंतर तिनं देवाला उद्देशून लिहिलेलं हे टिपण.

मग वाचायला लागली. "आज अकरावा दिवस. मी तुझ्याशी बोलत नाही. हे तुला सांगावं म्हणून आले. आता जाते."

माझ्या हातातली पळी भातातच राहिली.

अगं बाई, असंही लिहितात होय पवित्र पुस्तकात? मी खिडकीतनं मुंडी बाहेर काढली. बेनेडिक्टा पुढं वाचत होती. "आज बारावा दिवस. सगळ्या जणी म्हणतात, देवाची इच्छा. मी म्हटलं, त्याची इच्छा त्यानं मला विचारून करायला हवी होती." एवढ्यात टिंग! घंटी वाजली. बेनेडिक्टानं वही मिटली.

म्हणजे असं कसं? पुढं काय झालं? कोण आधी बोललं, ती का देव? मी भांडी घासताना, घरी जाताना, कालवण ढवळताना तेच घोकत होते. मला ते कळायलाच हवं होतं. मी मनाशी एक ठरवूनच टाकलं. देव आधी बोलला असेल, तर माझ्याही खंडोबाला कधीतरी बोलू दे, मग बघू. आणि ती आधी बोलली असेल, तर ती मूर्ख, तिचा माझा संबंध नाही!

मंगळवारी मी घाईघाईनं वाढून कान देऊन उभी राहिले. पण वरण-भात, भेंडीची भाजी. पंधरा मिनिटांत ताटल्या रिकाम्या, आणि टिंग. चार पानंसुद्धा झाली नाहीत. हिशेब सरळ होता. जेवण चालू तोवर पुस्तक चालू. रविवारच्या आत ही बाई बोलायला हवी असेल, तर या बावीस जणींचं जेवण लांबायला हवं. आणि जेवण कुणाच्या हातात? माझ्या!

बुधवारी मी शेवग्याच्या शेंगांची आमटी केली आणि सोबत मक्याची कणसं उकडली. चपात्या एकेक करून पाठवल्या. एक भाजायची, खिडकीतनं द्यायची, मग हात पुसायचे, मग दुसरी. सिस्टर बिचाऱ्या माझ्याकडं बघत बसल्या. मौन ना! "अनसूयाबाई, चपाती" असं म्हणायची सोय नाही. पोटात कावळे ओरडत होते आणि तोंडात मूग. बेनेडिक्टानं मात्र पंचवीस मिनिटं वाचलं.

"आज चाळिसावा दिवस. आजही बोलणार नाही. मेणबत्ती लावून जाते. ती तुझ्यासाठी नाही. इथं अंधार आहे आणि मला पायरी दिसत नाही."

मी पदर तोंडात कोंबून हसले. काय खमकी बाई! मला ती आमच्या आळीतलीच वाटायला लागली.

गुरुवारी मी बाजारातनं दोन टोपल्या सीताफळं आणली. सीताफळ हे काही घाईचं खाणं नव्हे. गर चिमूटभर, बिया ढीगभर. बावीस सिस्टर अत्यंत गंभीर चेहऱ्यानं बिया काढत बसल्या. टक, टक, टक, नुसता स्टीलच्या ताटल्यांचा आवाज. सिस्टर पावलीना म्हणून एक ऐंशी वर्षांच्या होत्या, त्यांच्या तोंडात दात नव्हते. त्यांनी एका फळाला अर्धा तास घेतला. देव त्यांचं भलं करो, म्हणजे मी तेव्हा असं म्हणत नव्हते, पण मनात तेच आलं.

त्या दिवशी बेनेडिक्टानं वाचलं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. "तुझ्या आईनंही तुला मांडीवर घेतलं होतं, क्रुसावरून उतरवल्यावर. तिनं तुझ्या स्वर्गातल्या बापाला काय विचारलं असेल? ते कुणी लिहून ठेवलं नाही. मला ते वाचायला आवडलं असतं."

मी खिडकी लोटून घेतली आणि चुलीकडं तोंड करून उभी राहिले. धूर नव्हता, गॅस होता, तरी डोळ्यांतनं पाणी आलं. दोन वर्षं मला सगळ्यांनी समजावलं होतं. नशीब म्हण, भोग म्हण, मुलीकडं बघ. ही पहिलीच बाई भेटली, जिनं माझ्यासारखंच विचारलं, की का? आणि ती भेटली कुठं, तर साडेतीनशे वर्षं मागं, बर्फात!

घरी आले तर मंदा साड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला एर्मिनाची गोष्ट सांगितली, मेणबत्तीची, पायरीची. तिला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. "मग? काढले का त्या बाईनं देव बाहेर?"

"अजून तिथवर वाचून झालं नाही."

"रविवार तीन दिवसांवर आलाय," ती म्हणाली आणि साड्या कपाटात टाकल्या.

शुक्रवारी मी डोकं लढवलं. धरणातली काटेरी मासळी आणली, एकेका माशात मूठभर काटे. म्हटलं, आज तासभर तरी निश्चिंती. पण मी एक विसरले. निम्म्या सिस्टर वसईच्या! मासा ताटलीत पडला न पडला, दोन बोटांनी असा सोलला की मांजरानं शिकवणी लावावी. बारा मिनिटांत नुसते सांगाडे उरले. टिंग!

आणि त्याच दुपारी मी भांडी घासत असताना मागून आवाज आला, "अनसूयाबाई."

हातातलं पातेलं निसटलं. मदर इस्मेनिया दारात उभ्या होत्या. साधनेतल्या लोकांनी गप्प राहायचं, पण मदरना कामापुरतं बोलायची मुभा असायची. चोराच्या मनात चांदणं, मी आपली पदर सारखा करायला लागले.

"बुधवारी कणसं, काल सीताफळं, आज काटे," मदर म्हणाल्या. "चपाती तर अशी येते की आधीची पचून जाते. सिस्टर पावलीनांच्या हिरड्या सुजल्यात. काय चाललंय?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण निघालं खरंच. "मदर, मला पुढचं ऐकायचंय. त्या एर्मिनाचं. तुम्ही लोक भरभर जेवता आणि घंटी वाजते."

मदरच्या चेहऱ्यावरून काही कळेना. "एवढं काय आहे त्यात?"

"तिचा अबोला. माझाही आहे." आणि मग मी सगळं सांगितलं. जेजुरी, टेम्पो, ट्रंक, मंदा, रविवार. "कोण आधी बोललं, तेवढं सांगा ना, मदर. तुम्ही वाचलं असेल."

"वाचलंय," मदर म्हणाल्या. "पण मी सांगणार नाही."

"का?"

"मी सांगितलं तर ते माझं होईल, तुमचं नाही. आणि उद्यापासून साधं जेवण करायचं. या बायका उपवासाला आलेल्या नाहीत, शिक्षेलाही नाहीत." एवढं बोलून त्या गेल्या, चपलांचा आवाज न करता.

मला असा राग आला! पण आपलेच दात आपलेच ओठ, चूक माझीच. शनिवारी मुकाट्यानं मुगाची खिचडी केली. मऊ, पातळ, तूप घालून. गिळायलासुद्धा नको, आपोआप घशाखाली जाईल अशी. सगळ्यांना एकदमच वाढली आणि खिडकीशी उभी राहिले. म्हटलं, झालं, आता पाच मिनिटांत टिंग.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. बेनेडिक्टा वाचतेच आहे. मी वाकून बघितलं, तर काय! बावीसच्या बावीस जणी खिचडी एकेक शीत वेचून खात होत्या. एक सिस्टर चमच्यावर तीन शितं घेऊन फुंकर मारत होती, खिचडी केव्हाच गार झालेली असताना. सिस्टर पावलीना, दात नसलेल्या, खिचडी चावत होत्या. चावत! आणि मदर इस्मेनिया? त्यांच्या ताटलीत एक घास ठेवलेला होता. तो त्या चमच्यानं इकडून तिकडं आणि तिकडून इकडं करत होत्या. घंटीकडं बघतही नव्हत्या.

म्हणजे त्यांनाही ऐकायचं होतं! त्यांनाही कुणाकुणाशी अबोला असेल, मला काय माहीत. आईबापाला सोडून आलेल्या बायका त्या. त्या दिवशी खिचडीला पाऊण तास लागला. आयुष्यात माझ्या स्वयंपाकाचा एवढा मान कधी झाला नव्हता.

पण एर्मिना काही बोलली नाही. दोनशे दिवस झाले, तीनशे झाले. रोज जायची, बोलणार नाही म्हणून सांगायची, परत यायची. कधी सांगायची की आज मेण चांगलं उतरलं, पण तू खूष होऊ नकोस. कधी सांगायची की मठातल्या मांजरीला चार पिल्लं झाली, तुला माहीत असेलच म्हणा, पण मी आपलं सांगते. मी जीव मुठीत धरून होते. बोल की गं बाई, किंवा त्याला तरी बोलू दे. उद्या रविवार!

रविवारी सकाळी निघताना मंदा म्हणाली, "चारला पाहुणे येतील. तुझं काय ते ठरव." तिचे डोळे सुजलेले होते. मी चपला घालून बाहेर पडले.

साधनेचं शेवटचं जेवण म्हणून मी शिरा केला होता. बेनेडिक्टा वाचायला बसली. मी वरणाचं पातेलं घेऊन स्वतःच ओळीतनं वाढत फिरत होते, खिडकीआड राहवत नव्हतं.

"काल मी आले नाही," बेनेडिक्टा वाचत होती. "अंगात ताप होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच चुकले. पडल्या पडल्या मनाला एकच लागून राहिलं, की तो वाट बघत असेल. मी त्याच्याशी बोलत नाही, हे आज त्याला कोण सांगणार?"

आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं, मोठ्यानं, पातेलं हातात असताना, "अगं बये! मग तू बोलतच होतीस की!"

बेनेडिक्टा थांबली. बावीस चमचे थांबले. आठ दिवसांच्या मौनात पहिला मोठा आवाज माझा, आणि तोही असा! मी जीभ चावली. मग कुठनं तरी खुदकन आवाज आला. सिस्टर पावलीना. त्यांच्या मागोमाग दुसरी, तिसरी, आणि मग सगळं भोजनघर हसायला लागलं. कुणी हसतंय, कुणी हसता हसता डोळे पुसतंय. मदर इस्मेनियांनी घंटी हातात घेतली, आणि न वाजवताच खाली ठेवली.

मी मात्र हसत नव्हते. आता तुम्हाला एक सांगते, जे मी इतका वेळ लपवलं. ते मंदालासुद्धा ठाऊक नव्हतं. दोन वर्षं मी रोज सकाळी, ती पाण्याला गेली की, त्या ट्रंकेवर थाप मारायची आणि म्हणायची, "आजही बोलणार नाही हां." आणि मग सांगायची. की पोरीचं लग्न ठरलं, तुला काय त्याचं. की शेजारच्या म्हशीनं पारडू टाकलं. की यांची आठवण आली, तुला येते का? एक दिवस चुकवला नव्हता. मला वाटायचं, मी अबोला धरलाय!

"मदर," मी म्हटलं. "माझं मौन मोडलं. माफ करा."

"तुम्हाला कुणी मौन सांगितलं होतं?" मदर म्हणाल्या. त्यांनी माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं. "चारला पाहुणे ना? घरी जा. भांडी आम्ही घासतो."

"आणि पुढचं? ती शेवटी काय म्हणाली ते?"

"ऐकून जाणार?"

मी पदराला हात पुसले. "नको. तिचं ती बघेल. मला माझं बोलायचंय."

घरी आले तेव्हा अडीच वाजले होते. मंदा परसात पाहुण्यांसाठी कपबशा विसळत होती. मी आत गेले, ट्रंक उघडली, गहू उपसला, लाल फडकं सोडलं. टाक काळे पडले होते. चिंच घेऊन घासायला बसले आणि तोंड सुटलं. दोन वर्षांचं साठलेलं! तो माणूस तुझ्या पायरीवर डोकं टेकून निघाला होता, हे म्हटलं. एवढी मोठी तलवार हातात आणि एक टेम्पो सावरता आला नाही, हेही म्हटलं. रडले, शिव्या घातल्या, परत रडले. मग सांगितलं, की पोरगी रोज झुरतेय, तिला वाटतं माझा राग तिच्यावर आहे, आणि यातलं तुला काही कळतं का नुसताच घोड्यावर बसतोस? घासता घासता त्याचं तोंड उजळत गेलं आणि मी बोलतच राहिले.

मागं हालचाल झाली. मंदा ओल्या हातांनी दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. गालांवरनं धारा लागल्या होत्या आणि ओठ हसायला बघत होते.

"आई," ती हळूच म्हणाली, "कुणाशी भांडतेस गं?"

मी नाक पुसलं. खंडोबाला पदरानं कोरडं केलं आणि तिच्या हातात दिलं.

"लग्नाला येतो म्हणतोय. म्हटलं, ये. पण आधी माझं सगळं ऐकून घे."